मोटारीची खांदेमळणी

आषाढ निम्मा सरला की मला मडगार्डांची आठवण येते. या दिवसांत कुणाला धबधबे आठवतात, कुणाला भजी, कुणाला माहेर. मला आठवते ती मोटारीच्या चाकांवरची आतली अंधारी पोकळी, तिच्यात थापून बसलेला चिखल आणि जवसाच्या तेलाचा उग्र वास. पंच्याहत्तरी जवळ आल्यावर असल्या आठवणींची लाज वाटून घ्यायचं मी सोडून दिलं आहे.

आमची मोटार आली तेव्हा भोर हे संस्थान होतं आणि भाटघरचं धरण नवंनवं भरू लागलं होतं. माझे यजमान भोरात डॉक्टरकी करीत. सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणे, म्हणून मीही डॉक्टरच म्हणू लागले. नाव घ्यायचा प्रश्न परस्पर मिटला. दर बुधवारी ते वेल्ह्याला जात आणि तोरण्याच्या पायथ्याशी एका पडवीत बसून रोगी तपासत. बायका पुरुष डॉक्टरापुढे तोंड उघडत नसत, तेव्हा त्यांच्याशी बोलायला म्हणून मीही बरोबर जाई. टांगा, घोडं, कधी बैलगाडी असं करत आम्ही जायचो आणि पावसाळ्यात बहुतेक वेळा जायचोच नाही. मोटार घेतली ती या पावसाळ्यासाठी.

ती काळीभोर होती, वर कापडी छप्पर, पुढे दोन पितळी कडांचे दिवे. डॉक्टर रोज सकाळी चहाच्याही आधी मलमलीचा तुकडा घेऊन तिला पुसत बसायचे. दिवे पुसायचे, दारं पुसायची, मग चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचं. अंगणातली तुळस तिच्या दारात दिसली की त्यांचं समाधान व्हायचं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघे आणि मला हसू येई. माहेरी सोळा माणसांची भांडी घासून मी मोठी झालेली. भांडं काठाकडून जात नाही, बुडाकडून जातं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून राखमातीचा लेप देतात तो काय हौस म्हणून? एकदा न राहवून मी म्हटलं, "तोंड किती पुसाल? पोटाकडे कोण बघणार?" लोकांची पोटं बघण्यात आपला दिवस जातो, असं काहीतरी म्हणून डॉक्टरांनी ते चेष्टेवारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच धोतर सावरून गाडीखाली डोकावले आणि उठले ते गंभीर होऊन. मोटार येऊन तीन आठवडे झाले होते आणि खालच्या सळयांवर तांबूस गंज धरला होता.

त्या दिवसापासून मोटारीचं पोट हे माझं खातं झालं. तिचं तोंड डॉक्टरांकडे, तिचं चालणं इस्माईलभाईंकडे. इस्माईलभाई आमचे ड्रायव्हर, भोरातलेच. त्यांच्या वडिलांचे टांगे होते, पण ह्यांचा जीव पहिल्यापासून यंत्रात. बोलणं कमी आणि कानाला सारखी इंजिनाची चाहूल. त्यांच्याच सांगण्यावरून अंगणात गोठ्याच्या बाजूला माणूस उताणा झोपेल एवढा चर खणला आणि त्याच्या दोन्ही काठांवर सागाच्या जाड फळ्या टाकल्या. मोटार फळ्यांवर चढवायची आणि चरात उतरून खालून काम करायचं. गंजावरचं औषधही त्यांचंच. जवसाचं तेल कोमट करायचं, त्यात शेंदूर खलायचा आणि घासून, पुसून, वाळवून कोरड्या केलेल्या लोखंडाला फडक्यानं त्याचे दोन हात द्यायचे. दोन-तीन दिवसांत त्याची चिवट साल धरते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. आमची मोटार अशी वरून काळी आणि पोटाखाली शेंदरी झाली. शेजारच्या एक म्हाताऱ्या काकू एकदा चरापाशी थांबल्या, वाकून आत पाहिलं आणि सवयीनं हात जोडून पुढे गेल्या. डॉक्टर आठवडाभर तेवढ्यावर हसत होते.

चिखलाची ओळखही मला त्या चराच्या काठावर झाली. शिवऱ्याकडचा रोगी बघून आलं की मडगार्डांत काळी, चिकट माती भरून येई. नखात गेली तर दोन दिवस निघत नसे. विंझरच्या भातखाचरांचा गाळ राखी रंगाचा, बोटांना गुळगुळीत लागणारा, त्यात तुटक्या रोपांची पांढरी मुळं. वेल्ह्याची माती तांबडी आणि खडेरी. मधल्या सगळ्या गावांचं शेण वेगळंच. आठ-दहा दिवस धुवायचं राहिलं तर हे सगळं थरावर थर बसून विटेसारखं वाळे आणि बांबूच्या कामटीनं खरवडताना मला डॉक्टरांच्या फेऱ्या उलट्या क्रमानं दिसत जात. एकदा काळ्या मातीचे दोन थर निघाले. "शिवऱ्याला एकदाच गेलो म्हणाला होतात," मी विचारलं. दुसऱ्या खेपेला ते एका मित्राकडे पत्ते खेळत बसले होते, ते मग कबूल करावं लागलं.

माझ्या भाच्यानं परवा नवी गाडी घेतली. ती म्हणे एका ठिकाणी लोखंडी ठाण्यावर उचलून धरली, खालून काळ्या रंगाचा फवारा मारला आणि तासाभरात काम आटोपलं. आता पाच वर्षं बघायला नको, असं तो सांगत होता. मी विचारलं, फवारा मारताना ब्रेक झाकले होते का? तो हसला. मावशी, तुला काय ठाऊक ब्रेक, असा त्या हसण्याचा अर्थ होता, आणि तो त्याच्या जागी बरोबरच होता. मला ब्रेक ठाऊक आहेत ते ज्या रीतीनं ठाऊक झाले, तसे कुणाला होऊ नयेत.

रखमाजी आमच्याकडे आले ते ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पोटाशी त्यांची वाडी. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळकेच, पण खांद्याची हाडं रुंद. आदल्या पावसाळ्यात त्यांची सून चंद्रा पहिल्या बाळंतपणात अडली होती. माणूस धावत भोरला आला, आम्ही टांग्यानं निघालो आणि नदीला पाणी चढलं म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी फिरलो. मूल गेलं, चंद्रा कशीबशी राहिली. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी मोटार घेतल्याची बातमी वाडीवर पोचली, तसे रखमाजी शेतीचं काम लेकावर, सदूवर, टाकून निघून आले.

अंगणात उभं राहून, मोटारीकडे बघत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "हिची सेवा म्या करतो. पगार नगं. आषाढात सुनंची येळ हाय, तवा ही आमच्या वाडीपातूर आली पायजे. मधीच कुठं बसली न्हाई पायजे, येवढंच."

गाडी तशीही येईलच, त्याला सेवा कशाला, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. रखमाजींना ते पटलं नाही. माणसाचा शब्द वेगळा आणि लोखंडाचा भरवसा वेगळा, असं त्यांचं म्हणणं दिसलं. ते गोठ्याच्या पडवीत राहिले, आमच्याकडेच जेवू लागले आणि दुसऱ्या दिवसापासून चरात उतरले.

तो सव्वा महिना माझ्या डोळ्यांसमोर आजही जसाच्या तसा आहे. सकाळचं आवरलं की मी चराच्या काठाशी पाट टाकून बसे. डोक्यावर इरलं, पदर कमरेला. फळ्यांच्या मधून मला रखमाजींचे पाय तेवढे दिसत; बाकी नुसता आवाज. मी वरून कामटी द्यायची, काथ्या द्यायचा, तेलाची वाटी द्यायची. चरात रात्रीतून पाणी साठलेलं असे, ते आधी घमेल्यानं उपसावं लागे. मग ओली माती धप्प करून खाली पडल्याचे आवाज, काथ्याची खरखर, मधूनच रखमाजींचं पुटपुटणं. ते मोटारीशी बोलत. काल लई दमलीस, असं म्हणत, हितं लागलं व्हय, असं विचारत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं की हिचं काय काय करायचं असतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, "रखमाजी, तुमच्या बैलाचं जे जे करता, ते सगळं हिचं करा. त्यात कमी काही ठेवू नका, म्हणजे झालं."

हे वाक्य मला फार छान जमलं असं तेव्हा वाटलं होतं. मी ते डॉक्टरांना ऐकवलं, दोन शेजारणींना ऐकवलं. शहाणपण मिरवायची खोड मला लहानपणापासूनच आहे.

रखमाजींनी मात्र ते वाक्य कामाचं म्हणून घेतलं. बैलाच्या खुरात खडा अडकला आहे का बघतात, तसं ते रोज चाकांच्या नक्षीत बोट फिरवून बघत. पावसातून गाडी आली की आधी कोरड्या फडक्यानं तिचं पोट पुसत आणि मगच स्वतःचं डोकं. एकदा ओल जावी म्हणून त्यांनी गोठ्यात करतात तशी निखाऱ्याची शेगडी मोटारीखाली सरकवली. इस्माईलभाईंनी ती पाहिली आणि धावत येऊन बाहेर ओढली. पेट्रोल म्हणजे काय, ते त्यांनी रखमाजींना हळू आवाजात बराच वेळ समजावून सांगितलं. तेव्हा मी जागी व्हायला हवं होतं. बैलाचं सगळंच मोटारीला चालत नाही, हे तिथे उघड दिसत होतं. पण मी शेगडी उचलून आत नेली आणि विषय संपला असं समजले.

चंद्राचे दिवस भरत आले आणि बेंदूर आला. आमच्या भागात बैलांचा सण तो आषाढातला बेंदूर. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याला सजवायचं, पुरणपोळी घालायची. आणि आदल्या सांजेला खांदेमळणी. जू वाहून वाहून बैलाचा खांदा घासलेला, घट्टे पडलेला असतो. तो लोणी-हळदीनं हलक्या हातानं मळायचा आणि कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या साली बेंदूर नेमका बुधवारी आला. आम्ही वेल्ह्याला जाणार, रखमाजी आमच्याबरोबर सणाला घरी जाणार, आणि डॉक्टर वाडीवर जाऊन चंद्रालाही बघून येणार, असं सगळं ठरलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी पुरणाची डाळ शिजवत होते. रखमाजी मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. हिची बी खांदेमळणी करू का, त्यांनी विचारलं, उद्या लांबची वाट हाय. मला गंमत वाटली. "करा की," मी म्हटलं आणि ताज्या लोण्याची वाटी भरून, वर हळद घालून त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, कुठेतरी बोट लावतील, चाकांना टिळे लावतील. मोटारीला कुठला आलाय खांदा? पण हे मी त्यांना विचारलं नाही. डाळ उतू जात होती.

रखमाजींनी खांदा केव्हाच शोधून ठेवला होता. सव्वा महिना तिच्या पोटाखाली पडून त्यांनी बघितलं होतं की गाडीचा भार जिथे चाकाला मिळतो, तिथे चाकाच्या आतल्या अंगाला एक गोल लोखंडी डबा आहे आणि त्याला बाहेरून एक पट्टा वेढलेला आहे. पट्ट्यानं घासून घासून तो डबा झिजून गुळगुळीत झाला आहे. जुवाखालचा खांदा असाच होतो. तेव्हा त्यांनी तिथे लोणी मळलं, चारही चाकांना, पट्ट्याच्या आत बोटं घालून, अगदी मन लावून. तो पट्टा ब्रेकचा होता. त्या मोटारीला असेच बाहेरून आवळणारे पट्टे होते आणि पाय दाबला की ते डब्यांना आवळून चाकं धरत. हे रखमाजींना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी बारीक पाऊस होता. पुढे इस्माईलभाई आणि डॉक्टर, मागे मी आणि रखमाजी, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. नसरापूर येता येता इस्माईलभाई म्हणाले की ब्रेक जरा हलके लागतायत, भिजले असतील, चालता चालता सुकतील. पावसात ते नेहमीचंच होतं. लोणी अजून थंडीनं घट्ट होतं, म्हणून थोडंफार तरी धरत होतं, हे नंतर लक्षात आलं.

विंझरला सदू रस्त्यात उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला गुंडाळलेलं पोतं. चंद्राला पहाटेपासून कळा लागल्या होत्या आणि मूल आडवं आहे म्हणून सुईणीनं हात टेकले होते. तो आम्हाला गाठायला धावत आला होता. डॉक्टरांनी त्याला पायरीवर उभं राहायला सांगितलं आणि इस्माईलभाईंकडे नुसतं पाहिलं. मोटार पळू लागली. रखमाजींनी पुढच्या बाकाची कड धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

गावापुढे एक उतार आहे, त्याच्या तळाशी ओढा. एवढ्या पळण्यानं डबे तापले आणि लोणी पातळ झालं. इस्माईलभाईंनी पाय दाबला तो खालपर्यंत गेला. हातब्रेक ओढला, त्याचाही उपयोग झाला नाही. ओढ्याला पाणी होतं, सावकाश उतरलं तरच पार होण्याजोगं. त्यांनी एका शब्दानंही आम्हाला काही न सांगता गाडी रस्त्यावरून डावीकडे भाताच्या खाचरात घातली. ती मऊ गाळात शिरत गेली आणि थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. इंजिन बंद पडल्यावर बेडकांचा आवाज ऐकू आला.

चाकं अर्धी बुडाली होती. विंझरची माणसं धावत आली, नवे फेटे बांधलेली, हातांना शिंगांचा हिंगूळ लागलेला. त्यांच्यामागे बांधावर बैल उभे होते, झुली घातलेले. कुणीतरी म्हणालं, दोन जोड्या लावल्या तर घटकेत बाहेर निघंल. डॉक्टर म्हणाले, मग लावा. कुणी हललं नाही. रखमाजी पुढे झाले.

"न्हाई साहेब. आज न्हाई."

"तिकडे तुमची सून अडली आहे, रखमाजी."

"ठावं हाय मला. पर आज त्येंच्या मानंवर जू ठिवून कंच्या तोंडानं तिची सुटका मागू?"

डॉक्टर संतापून पायीच निघाले. वाडी तिथून अडीच-तीन तासांची चाल, मधे दोन ओढे. मोटार निघाली तर त्याआधी पोचू, असं म्हणत ते थांबले आणि पुन्हा निघाले आणि पुन्हा थांबले. तोवर रखमाजींनी गाडीच्या पुढच्या दांड्याला नाडा बांधला होता आणि दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. सदू त्यांच्या शेजारी लागला. मग विंझरचे दोघे, मग आणखी चार, मग सगळेच. नव्या फेट्यांची ती माणसं गुडघाभर गाळात उभी राहून ओढत होती आणि बांधावरून त्यांचे बैल बघत होते. एवढं सुंदर आणि एवढं भयंकर दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. गाडी रस्त्यावर यायला तासाच्या वर लागला.

इस्माईलभाईंनी वाकून चाकाच्या आत हात घातला आणि बोट वर धरून दाखवलं. पिवळं होतं. मला तर ते बोट दिसण्याआधीच कळलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी केलं? रखमाजी म्हणाले, "म्या. काल खांदं मळलं हिचं."

"कुणी सांगितलं होतं?"

रखमाजी माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. ते चाकाकडे बघत होते. "कुनी न्हाई," ते म्हणाले. "माझं मीच."

मी बोलले नाही. मी विंझरच्या बायकांकडून चुलीतली राख मागून घेतली आणि चिखलात उकिडवी बसून डबे घासू लागले. इस्माईलभाई पेट्रोलचे बोळे देत होते, मी राखेनं ओशटपणा काढत होते. तुपकट भांडी घासण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या कामात तोंड खुपसून मी बसले, आणि माझ्या डोक्यावरून डॉक्टरांचा आवाज येत होता, आजपासून या गाडीला हात लावायचा नाही. रखमाजी "बरं" म्हणाले.

वाडीवर पोचलो तेव्हा दोन तास वाया गेले होते. आतल्या अंधाऱ्या खोलीत मी चंद्राचा हात धरून बसले आणि डॉक्टरांनी आपलं काम केलं. मूल निघालं. मुलगा होता. त्यानं श्वास घेतला नाही. डॉक्टरांनी त्याला चोळलं, उलटं धरलं, त्याच्या तोंडात फुंकर घातली, कितीतरी वेळ. बाहेर कुणाच्या तरी बैलाच्या घुंगरमाळा वाजत होत्या. मग डॉक्टरांनी त्याला फडक्यात ठेवलं आणि चंद्राकडे वळले. दाराशी रखमाजी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सून?" वाचली, डॉक्टर म्हणाले. रखमाजी तिथेच उंबऱ्याबाहेर खाली बसले.

परतीच्या वाटेवर मी डॉक्टरांना विचारलं, दोन तास आधी पोचलो असतो तर? "माहीत नाही," ते म्हणाले. असं म्हणताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. लोण्याची वाटी, हळद, आणि ते बैलासारखं करा हे माझं वाक्य. नसरापूर मागे पडल्यावर ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

पुढच्या बुधवारी मी डोकं दुखतंय म्हटलं आणि वेल्ह्याला गेले नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही काहीतरी निघालं. चंद्रा बरी आहे, ताप नाही, एवढं डॉक्टर येऊन सांगत. मोटारीच्या पोटाला तेव्हापासून कुणाचा हात लागला नव्हता. विंझरचा राखी गाळ मडगार्डांत तसाच वाळत होता, आणि मी रोज त्याच्यासमोरून तुळशीला पाणी घालायला जात होते. मी वाईट बाई नाही, पण त्या दिवसांत मी भित्री होते, आणि भित्रेपणाला दिवसभर पुरतील एवढी घरकामं सापडतात.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी घमेल्याचा आवाज आला म्हणून मी मागच्या दारात गेले. रखमाजी चरातलं पाणी उपसत होते. वाडीहून पायी आले होते. दवाखान्याच्या खिडकीतून डॉक्टरांनीही त्यांना पाहिलं आणि खिडकी सोडून ते आत गेले. रखमाजी फळ्यांखाली उतरले आणि काथ्याची खरखर सुरू झाली.

मी काठाशी जाऊन बसले. चंद्राचं विचारलं. उठून बसती, दोन घास खाती, ते खालून म्हणाले. मग मी विचारलं, "तुम्ही का आलात, रखमाजी?"

"फुडल्या साली पुन्यांदा येळ यील की तिची. गाडी लागंल." मग म्हणाले, "बाई, आता येक करा. हिला कुठं काय लावायचं न्हाई, ते समदं मला नीट सांगा."

इस्माईलभाईंना विचारून मी ते मधल्या दिवसांत शिकून घेतलं होतं. मी एकेक सांगत गेले. इथे शेंदूर, इथे नुसतं तेल, इथे तेलाचा थेंबही नाही. ते प्रत्येक जागेवर हात ठेवून हुंकार देत होते. सांगून संपलं. आता थांबले तर पुन्हा कधी जमणार नाही, हे मला कळत होतं.

"लोणी मी दिलं होतं, रखमाजी," मी म्हटलं. "बैलाचं करता ते सगळं करा, असंही मीच सांगितलं होतं. चूक माझी होती. आणि त्या दिवशी मी बोलले नाही."

काथ्याचा आवाज थांबला. फळ्यांमधून मला त्यांची पावलं दिसत होती, टाचा चिरलेल्या, ओल्या. मला वाटलं, ते म्हणतील, न्हाई बाई, तुमची कसली चूक. माणसं असंच म्हणतात, आणि त्यावर काय बोलायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

"व्हय," रखमाजी म्हणाले. "तुमची बी व्हती."

मग गाडीखालून त्यांचा हात बाहेर आला, तेलानं माखलेला, तळवा वर.

"कोरडी चिंदी द्या," ते म्हणाले. मी दिली.